रशियन बाई आणि दोन नगर प्रतिनिधी

माझ्या पहिल्या संदर्भसूचीत लेखकाच्या नावाच्या जागी ‘इंटरनेट’ असं लिहिलेलं होतं. दुसरी नोंद होती ‘परिवाराच्या ग्रुपवर आलेला मेसेज, सकाळी’. तिसरी नुसतीच ‘सगळ्यांना माहीत आहे’. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तिन्हींवर मिळून एकच लाल रेघ मारली. रेघ इतकी सरळ होती की तिचंच कौतुक करावंसं वाटलं.

मी रेल्वेत बाबू. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समाजशास्त्रात एम.ए. करायचं मनात घेतलं आणि निकाल लागायच्या आत, म्हणजे फॉर्म भरल्याच्या दिवशीच, ऑफिसात सगळ्यांना सांगून मोकळा झालो. लघुशोधप्रबंधाचा विषय घेतला ‘भिलाईतल्या मराठी घरांमधली भुलाबाई’. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, मग झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखतात आणि ओळखला की तो फस्त करतात. इथल्या पोलाद कारखान्याच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमागे विदर्भातून इकडे आलेल्या बायकांनी ही भुलाबाई सोबत आणली. विषय मला सोपा वाटला, कारण लहानपणी तो खाऊ मी पुष्कळ खाल्ला होता. तेवढ्यावर प्रबंध होत नाही, हे मॅडमनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“तीसरे चैप्टर में एक भी भरोसेमंद स्रोत नहीं है,” त्या म्हणाल्या. “सोमवार तक लाइए. नहीं तो मैं साइन नहीं करूँगी, फिर अगले साल.”

पुढचं साल माझं एकदा होऊन गेलेलं होतं. आणखी एक झालं असतं तर ऑफिसात चहाला जायचीही सोय राहिली नसती.

मंगळवारपासून मी रोज ड्यूटी संपली की कॉम्प्युटरसमोर बसू लागलो. हिंदीतून शोधलं, मराठीतून शोधलं, मोडक्या इंग्रजीतून शोधलं. गुरुवारी सापडलं. दूरच्या कुठल्यातरी विद्यापीठातल्या संशोधकाचा खराखुरा लेख, खाली तळटीपा वगैरे. त्यात एक वाक्य असं की भिलाईच्या सेक्टर दहामध्ये भुलाबाईच्या कार्यक्रमाला एका रशियन इंजिनिअरची बायको आली होती आणि तिने डबा कानाशी हलवून नुसत्या आवाजावरून आतले फुटाणे ओळखले. त्याच्यापुढे दोन संस्कृतींच्या संवादावर अख्खा परिच्छेद होता.

मी खुर्चीतून उठलो, बसलो, परत उठलो. आपल्या भुलाबाईत रशियन बाई. तिसरं प्रकरणच काय, सगळा प्रबंध तिच्या खांद्यावर उभा राहिला असता. लगेच मॅडमना फोन केला. त्याही खूश झाल्या, पण शेवटी म्हणाल्याच, “लेख ने कहाँ से लिया, वो देखिए. मूल स्रोत चाहिए.”

तळटीपेत एका हिंदी वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख होती. शनिवारी सुट्टी टाकली आणि मोटरसायकलने रायपूरच्या वाचनालयात निघालो. वाटेत कुम्हारीला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकलो, तरी हेल्मेटच्या आत भुलाबाईचं गाणं चालू होतं. शेजारचा ड्रायव्हर खाली वाकून बघत होता.

वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली होत्या. एकेक उचलताना कंबर बोलायची. दुपारपर्यंत शर्ट काळा झाला आणि बातमी सापडली. आतल्या पानावर, दोन कॉलम, वर बातमीदाराच्या नावाच्या जागी ‘नगर प्रतिनिधी’ असं छापलेलं. रशियन बाई, डबा, फुटाणे, सगळं जागच्या जागी. आता हात शिवशिवू लागले. त्याच आठवड्यातली दुसऱ्या वर्तमानपत्राची फाईल काढली, तर तिथेही तीच बातमी. तिथलाही नगर प्रतिनिधीच. आणि वाक्यं शब्दाला शब्द जुळणारी.

शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी वहीत लिहिलं: ‘दोन स्वतंत्र स्रोत. पूर्ण एकमत.’ आणि ‘पूर्ण’खाली दोन रेघा मारल्या.

नेहरू नगरला घरी पोचलो ते ओरडतच. बायको गवारीच्या शेंगा निवडत होती. मी मोबाईलवरचा बातमीचा फोटो तिच्या नाकासमोर धरला. तिने चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

“अहो, पूर्ण वाचली का तुम्ही?”

“महत्त्वाचं सगळं वाचलं.”

“खाली वाचा. रांगोळीत पयला नंबर कोनाचा हाय?”

मी वाचलं. तिचं माहेरचं नाव होतं.

“अरे वा,” मी म्हणालो, “म्हणजे तू पण इतिहासात आहेस.”

“कायचा इतिहास? त्या साली मले कांजण्या झाल्या होत्या. मी नागपूरले मामाच्या घरी पडून होती.”

“मग छापलं कोणी?”

तिने शेंग खाली ठेवली. “तुम्ही. मंडळाचे प्रसिद्धीप्रमुख कोन होते? हेच पाहून तं बाबानं विचारलं होतं, हा कोन पोरगा हाय, जो माह्या पोरीले घरबसल्या बक्षीस देऊन राहिला.”

मला आधी कांजण्या आठवल्या, मग हळूहळू बाकीचं. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा. आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची बातमी मीच लिहायचो, खाली कार्बन घालून, हिंदीत. मग सायकलवर बसून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये एकेक प्रत टाकायची. ते ती जशीच्या तशी छापत आणि वर ‘नगर प्रतिनिधी’ लावत. म्हणजे दोन्ही नगर प्रतिनिधी मीच. दरवर्षी तीच भुलाबाई, तीच कोजागिरी, तेच आटवलेलं दूध. एका कचेरीतला माणूस कंटाळून म्हणाला, कुछ नया लाओ भाई. मी तिथेच बाकावर बसून दोन नव्या गोष्टी घातल्या. एक रांगोळीचं बक्षीस, त्याचं कारण घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी रशियन बाई. रशियन लोकांनी इथे कारखाना उभारायला मदत केली, तर त्यांच्यातली एखादी कधीतरी भुलाबाईला आलीच असेल, असा माझा साधा हिशेब. फुटाणे मात्र सुचले, कारण ते माझ्या खिशात होते.

आणि त्या बाईला मी विसरून गेलो. ती बिचारी इकडून तळटीपेत गेली, तळटीपेतून दूरच्या विद्यापीठात, आणि तिथून वीस-पंचवीस वर्षांनी मलाच येऊन भेटली. मी तिला ओळखलं नाही.

“आता?” मी विचारलं.

“आता काय. मॅडमले सांगा.”

“तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?”

“मले माहीत हाय ना,” ती म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

फोन केला. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मतलब, आप ही स्रोत हैं.”

“जी.”

“काट दीजिए. और सोमवार को किसी ऐसे की बात लाइए, जो सचमुच वहाँ था. वरना चैप्टर गया.”

रविवारी सकाळी सेक्टर दहाला काकूंकडे गेलो. काकू आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजारच्या. आता क्वार्टर मुलाच्या नावावर आहे, पण खाट अजून व्हरांड्यात तिथेच. काकूंचं वय ऐंशीच्या पुढे, आवाज चाळिशीतला.

“ये बापा. एम्मे करून राहिला म्हने तू? पोरायनं करायचं तं तूच करून राहिला.”

मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि भुलाबाईचं विचारलं. काकूंनी सुरुवात लग्नापासून केली. नवं क्वार्टर, अंगणात वाळूचे ढीग, भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती करायला गावाकडची माती नाही, म्हणून मजुरांकडून मागून आणलेली माती. मी भराभर लिहीत होतो. एवढं मिळालं तरी प्रकरण कसंबसं उभं राहिलं असतं.

“अन् एकदा तं एक रशियन बाई बी आली होती.”

माझा पेन थांबला. “काकू, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. ते मी लिहिलं होतं. खोटं आहे ते.”

“तू काय लिहिशीन? तू तं पैदा बी नव्हता झाला.”

“पण फुटाणे ओळखले ते...”

“कायचे फुटाने? करंज्या होत्या. अन् वयखते कायची ती? तिले कोनं सांगतलं का वयखा लागते म्हनून? तिनं सरळ डबा उघडला अन् एक करंजी तोंडात टाकली. पोरी रडाले लागल्या.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी तिनं काळी डबलरोटी आनली, डबा भरून. तिले वाटलं, आता आपली पाळी हाय. कोनीच वयखली नाई. खाल्ली बी नाई कोनी. गाईले देल्ली.”

मी कधी डबलरोटी लिहिली नव्हती. काळी डबलरोटी माझ्या डोक्यात सात जन्मांत आली नसती. काकूंनी माझी बातमी वाचून मनाने वाढवली असेल का? असेलही. पण मग करंज्या कुठून आल्या? मी घरी जाऊन जसंच्या तसं लिहून काढलं. वर काकूंचं म्हणणं, खाली तळटीपेत माझी लबाडी, आणि मधे स्पष्ट की यातलं किती खरं, ते मला ठरवता येत नाही.

सोमवारी मॅडमनी पानं वाचली. परत पहिल्यापासून वाचली. डबलरोटीपाशी हसल्या.

“आपकी करतूत नीचे फुटनोट में क्यों छिपाई है? ऊपर लीजिए, चैप्टर में.” मग त्यांनी संदर्भसूची उघडली आणि पेन थांबवला. “ये क्या है? ‘काकू, सेक्टर 10’?”

“काकू ही हैं, मॅडम.”

“नाम?”

सबंध आयुष्यात मी त्यांना काकूशिवाय काही म्हटलं नव्हतं. माझी आई ‘बाजूवाली’ म्हणायची, काका तर नुसतं “ऐकलं का” म्हणायचे. मॅडमनी दाराकडे बोट केलं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला.

“काकू, तुमचं नाव काय?”

“कावून? कोनाले पायजे?”

“प्रबंधात लिहायचं आहे. हे तुम्ही सांगितलं म्हणून.”

फोन कटला असं वाटून मी परत हॅलो म्हणालो.

“माहेरचं का सासरचं?” त्यांनी विचारलं.

मी आत डोकं घालून मॅडमना विचारलं. “जो वो चाहें,” त्या म्हणाल्या.

“माहेरचं लिही मग,” काकू म्हणाल्या. “भुलाबाई तिकडूनच आनली होती मी.” आणि त्यांनी नाव सांगितलं, एकेक शब्द वेगळा करून, शाळेत हजेरी देतात तसं.

कागद आतच राहिला होता म्हणून ते तळहातावर लिहून घेतलं, आत जाऊन सूचीत उतरवलं. मॅडमनी नाव मोठ्याने वाचलं, उच्चार बरोबर आहे का विचारलं आणि सही केली.