डबल मेजर, एम.कॉम. आणि आत्याची मीटिंग

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असताना उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजने एक फॉर्म हातात दिला. अकाउंट्सच्या जोडीला अर्थशास्त्र हाही मुख्य विषय घेऊन चौथं वर्ष करायचं, म्हणजे डबल मेजर. नाहीतर तीन वर्षांत पदवी घेऊन पुढे दोन वर्षं अकाउंट्समध्येच एम.कॉम. आठवडाभरात काय ते ठरवायचं होतं.

रविवारी बुद्धविहारातून बुवापाड्याला घरी आल्यावर मी फॉर्म बाबांपुढे ठेवला. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. शिकायला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही, पण बाबांना सगळं नीट समजून घ्यायचं असतं.

"हा डबल मेजर कर्नलच्या वर की खाली?"

"बाबा, दोन विषय असतात त्यात."

"मग दोन विषय म्हण की. मला वाटलं, तुला बॉर्डरवर धाडतायत."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "एम.कॉम. कर. सांगितलं की लोकांना कळतं तरी. त्या दुसऱ्याचं मी शेजारणींना काय समजावत बसू?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, तोवरचे बरेच निर्णय मी शेजारणींच्या सोयीनेच घेतले होते. एम.कॉम. नक्की केलं आणि फक्त शिक्कामोर्तब करून घ्यायला त्याच संध्याकाळी बदलापूरला आत्याकडे गेले. आमच्या घराण्यातली पहिली एम.कॉम. तीच.

आत्याने चहासुद्धा विचारला नाही. "बरी आलीस. खाली सोसायटीची मीटिंग आहे आणि मी खजिनदार. चल."

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. "ही माझी भाची, अकाउंट्सवाली," आत्याने ओळख करून दिली. हिशोब चोख होता, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण वेगळंच होतं.

"पण एवढे टँकर लागतातच कसे?" तिसऱ्या मजल्यावरचे काका तावातावाने विचारत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुम्ही घरात ड्रम भरून ठेवता?"

"ठेवणारच! पाणी कधी जाईल, भरवसा आहे का?"

"आणि कालचं उरलेलं?"

"शिळं पाणी कोण पितं? ओतून देतो."

मग मी एकेकाला विचारत सुटले. घरोघरी तेच. पाणी जाईल या भीतीने सगळे ड्रम भरत होते, आणि सगळे भरत होते म्हणूनच टाकी सकाळी दहाला कोरडी पडत होती. मी हे उभी राहून, हातवारे करत सांगितलं. मग प्रत्येकजण दुसऱ्याचे ड्रम मोजायला लागला.

जिना चढताना आत्या म्हणाली, "हे एम.कॉम.ला मला कुणी शिकवलं नाही बाई."

"हे अर्थशास्त्रात येतं."

"मग माझ्याकडे काय विचारायला आलीस? अकाउंट्सचं बोलताना तुझा चेहरा रेशनच्या लायनीत उभं राहिल्यासारखा असतो. आत्ता आरशात बघ जरा."

आरसा बघायची गरज नव्हती. माझे कान गरम झाले होते आणि मला अजून बरंच बोलायचं होतं. सोमवारी मी डबल मेजरचा फॉर्म भरून टाकला.

चौथं वर्ष सोपं गेलं असं अजिबात नाही. सांख्यिकीच्या पेपरात मी जेमतेम काठावर सुटले आणि त्या दिवशी एम.कॉम.वाल्या मैत्रिणींचा फार हेवा वाटला. पण अर्थशास्त्राचा तास संपवून मॅडम निघाल्या की मी त्यांच्या मागे थेट स्टाफरूमपर्यंत प्रश्न विचारत जायचे. शेवटी त्यांनी मला तिथे बसायला एक स्टूलच देऊन टाकलं.