म्हाताऱ्या माश्यांची चढाई

पंचवटीत आमच्या शेजारच्या बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि घरी दुधाच्या बाटल्यांत फळांवरच्या बारीक माश्या पाळायच्या. त्यांना त्या ‘आमची मंडळी’ म्हणत. त्यांच्यासाठी बाजारातून काळी पडलेली केळी वास घेऊन निवडत. दीर्घायुष्य वंशातून उतरतं का, हे बाईंना शोधायचं होतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्या फक्त म्हाताऱ्या माश्यांचीच अंडी पुढे वाढवत होत्या. कॉलेजात याची थट्टा व्हायची.

एका मे महिन्यात उकाड्याने माश्या मरू लागल्या. बाईंनी बाटल्यांवर ओली फडकी टाकली आणि घरातला एकुलता एक पंखा तिकडे वळवला.

“अहो, थोडा वारा तुम्ही घ्या की!” आई म्हणाली.

“मला घाम पुसता येतो. मंडळींनी काय करायचं?”

वाचलेल्या माश्यांपासून त्यांनी वंश पुढे चालवला. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी बाईंनी साऱ्या गल्लीला हाका मारल्या. टेबलावर दोन बाटल्या होत्या, दोन्हींतल्या माश्या अडीच महिन्यांपूर्वी एकाच दिवशी जन्मलेल्या. बाजारातल्या साध्या माश्यांची संतती तळाशी मरून पडली होती. बाईंनी आपल्या वंशाच्या बाटलीला टिचकी मारली. आतल्या माश्या काचेवरून झरझर चढत थेट बुचाच्या कापसाला भिडल्या.

“बघा, आयुष्य वाढलं! वंशातच उतरलंय!”

“बाई, जिंकलात!” आई ओरडली. गल्लीने अशा टाळ्या वाजवल्या, की बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.