होडीची चावी

धक्क्यावर आलो तर खुंटा होता, होडी नव्हती. ओहोटीबरोबर ती खाडीच्या मुखाकडे निघाली होती. एकटीच.

मी कर्ली खाडीवरचा तारी, म्हणजे माणसं या काठावरून त्या काठाला नेणारा. शाळा दुसरीपर्यंत. पण मी मारलेली गाठ कधी सुटली नव्हती. उधाणात नाही, वादळात नाही. ती त्या दिवशी सुटली, आणि नेमकं तेव्हाच मला पलीकडून नर्सबाईंना आणायचं होतं.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. पलीकडे सरकारी दवाखाना नवाच झाला होता. आमच्या मंडळींचं हे तिसरं बाळंतपण. पहिली दोन माझ्या आईनेच घरी केली. दुसऱ्या वेळी रक्त फार गेलं होतं, म्हणून बाईंनी बजावलं होतं, "तिला इथे आणा." मी हो म्हणून बसलो. घरी सांगितलं तर मंडळी म्हणाल्या, "माका हयसून हलवू नकात. दोन आयेच्या हातार झाली. तिसरां काय दवाखान्याची पाटी वाचून येतला?"

"मगे बाईंका हयसर हाडतंय."

"हाडा. बसान चाय पितली."

सकाळी कळा सुरू झाल्या आणि मी धावलो, तर हे असं.

उडी मारली. अर्धा मैल पोहून होडी धरली. दोरी पाण्यात लोंबत होती. तुटलेली नव्हती. कुणीतरी नीट सोडलेली होती. वल्हं मारत पलीकडे गेलो.

बाई म्हणाल्या, "एवढे भिजलात कसे?"

"पोहत होतो."

"बायको अडलीय आणि तुम्ही पोहताय?"

मी वल्हं जोरात मारलं.

घरी पोचलो तर पोरीचं रडणं अंगणापर्यंत येत होतं. मंडळी आतून म्हणाल्या, "बाईंका चाय देवा."

पण वार पडली नव्हती. वार म्हणजे पोराच्या मागून येते ती. ती पडली आणि रक्त वाहायला लागलं, मागच्या वेळेसारखंच. बाईंनी चहा बाजूला ठेवला. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिल्या. आईने बाजूला सरकून त्यांना जागा दिली. रक्त थांबलं तेव्हा आईने स्वतःच नाळेचा दोरा बाईंच्या हातात दिला. "आता बांध गो."

मी बाहेर आईला विचारलं, "आये, होडी कोणी सोडल्यान?"

"मीयांच. बाळंतीण सुटासर घरातली एक गाठ रवता नये. पेटी उघडलंय, पाड्याक सोडलंय, कळशेची दोरी सोडलंय. तुझी होडी काय आभाळातसून पडली?"

"ती धक्क्यार होती!"

"गाठ तुझीच मा?"

माझीच होती. गाठी सुटल्या की बाळंतीणही सुटते, असा तिचा हिशेब.

जाताना बाईंनी मंडळींना विचारलं, "पुढच्या वेळी येणार ना दवाखान्यात?"

"तुमीच येवा. चाय आसा."

मग मी होडीला साखळी घातली, वर कुलूप. चौथ्या वेळी कळा सुरू झाल्या तसा आईने हात पुढे केला. "चावी दी." कुलपंसुद्धा उघडायची असतात.

मी आधी बाईंना आणलं. होडी वाळूवर ओढली. मग चावी दिली.

आईशी वाद घालून कुणी जिंकत नाही. कुठलं काम आधी करायचं, तेवढंच आपल्या हातात असतं.