शेजारणीचं धुराडं

पोलिसातल्या नोकरीतल्या कित्येक केसेस आता पुसट झाल्या आहेत. निवृत्तीनंतर हाताळलेली ही एक मात्र अजून लख्ख आठवते.

२०२० सालचा हिवाळा होता. मुलगी आयर्लंडमध्ये, मलिंगारला डॉक्टर. तिच्याकडे पाहुणे म्हणून गेलेले आम्ही नवराबायको लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकलो.

पहिली खबर बायकोने दिली. "अहो, आपल्या खोलीत जळल्याचा वास येतोय. भिंतही कोमट लागतेय."

आमच्या घरात शेकोटी नव्हती. भिंतीपलीकडे सत्तरी ओलांडलेली एक बाई एकटी राहायची. तिच्या उबेसाठी लाकडं जाळायच्या लोखंडी स्टोव्हचं धुराडं त्याच सामायिक भिंतीतून वर गेलेलं. दुसऱ्याच दिवशी खोलीतला विषारी वायूचा अलार्म वाजला. मुलीने खिडक्या उघडल्या, शेजारणीला फोन करून स्टोव्ह विझवायला लावला. मला म्हणाली, "बाबा, आपल्याआधी त्यांच्या जिवाला धोका आहे."

मी मास्क लावून बागेच्या कुंपणाशी गेलो. धुराडं तपासलंय का, असं विचारू लागलो.

"ग्रँड! सगळं ग्रँड आहे," प्रश्न पुरा होण्याआधीच बाई म्हणाली. ग्रँड म्हणजे तिथल्या बोलीत 'एकदम ठीक'.

इतकी घाईची उत्तरं मी पोलीस ठाण्यात पुष्कळ ऐकली आहेत. तिची नजर कुंडीकडे गेली. कुंडीत भाजलेल्या मातीचे तुकडे पसरले होते, एका अंगाला काजळी धरलेले. मुद्देमाल समोर होता. आरोपी असता तर तो मी पुढे धरला असता. इथे मी एवढंच विचारलं, "तुमचा स्टोव्ह कुणी बसवला?"

"माझ्या नवऱ्याने. वसंतात गेला तो." मग हळूच म्हणाली, "हे तुकडे धुराड्यातून खाली पडतात. मुलाला कळलं तर तो शेकोटी बुजवेल आणि मला त्याच्याकडे वॉटरफोर्डला घेऊन जाईल."

"आधी तपासून घेऊ. मुलाशी आम्ही बोलतो," मी म्हणालो.

धुराडं साफ करणाऱ्याने आत कॅमेरा सोडला. मातीच्या नळ्यांचं अस्तर तडकलं होतं, सांधे उघडे पडले होते. नुसतं झाडून भागणार नव्हतं. स्टीलचा नवा लायनर, म्हणजे आतली नळी, बसेपर्यंत विस्तव बंद.

बाईचा मुलगा फोनवर भडकला. "बास झालं, आईला इकडेच आणतो!"

माझी मुलगी शांतपणे म्हणाली, "धुराडं बिघडलंय. आई नाही."

मग त्याने लायनर कधी बसेल ते विचारलं. तोवर बाईने विजेच्या हीटरवर काढलं, आणि कुंपणावरून बायकोची गरम खिचडी जात राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले तेव्हा तिने आम्हाला घरात बोलावलं. स्टोव्हजवळच्या नवऱ्याच्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "बसा." मी अवघडलो, पण बसलो. तिने चहा ओतला.

आता नागपुरात थंडी पडली की ती खोली आठवते. माणूस काय लपवतोय, हे शोधण्यात माझी सारी नोकरी गेली. तो काय गमवायला भितोय, हे आधी विचारावं, हे मला त्या बाईने शिकवलं.