मोजणीत बोलायचं नाही

चाकणात तळेगाव रस्त्याला रोशनबीचं मोटर भरायचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, करपलेली तार उपसून काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवायच्या, असं ते काम. नवरा मीरासाहेब गेला तेव्हा दुकानाला कुलूप लागणार असं सगळे धरून चालले होते. विधवेनं घरात काढायची इद्दत संपली आणि दुसऱ्याच सकाळी रोशनबीनं फळ्या काढल्या.

रंभा तिच्याकडे आली ती दुष्काळाच्या साली, खडी फोडून सोललेले हात घेऊन. सासरनं टाकलेली बाई. पहिलं वर्षभर रोशनबीनं तिच्या हातात फक्त केरसुणी दिली. दिवसातून तीनदा झाडायचं.

"खाला, मी काय झाडायला आले व्हय?"

"एक बारीक खडा तारेला लागला की वरचा लेप सोलतो. मोटर आठ दिवसांत जळते. मग लोक म्हणतात, बाईनं भरली होती."

दुसरा धडा मोजणीचा. तारेचा एक फेरा कमी-जास्त झाला की सगळी गुंडाळी उसवावी लागायची. म्हणून मोजणाऱ्या बाईशी बोलायचं नाही. कुणी बोललंच तर तिनं चालू आकडा मोठ्यानं सांगायचा, की समोरच्यानं गप्प बसायचं. एकदा रंभाचा भाऊ भैरू धापा टाकत आला. "दाजी न्यायला आलाय, चल."

"त्र्याऐंशी," रंभा म्हणाली.

भैरू आल्या पावली परत गेला. रोशनबी पोट धरून हसली. "तुझ्या नवऱ्याची किंमत त्र्याऐंशीच निघाली की गं!"

अशी सात-आठ वर्षं गेली. मग रोशनबीचा उजवा हात थरथरायला लागला. हे रंभाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. गुंडाळ्या रंभा करायची. रोशनबी पुढं बसून गिऱ्हाईक बघायची, भरलेली मोटर चालू करून नुसत्या आवाजावरून बरी-वाईट सांगायची. लोक अजून रोशनबीच्या हाताच्या भरवशावर मोटरी आणत होते. कोपऱ्यावर नवं दुकान निघालं होतं. हात थरथरतो हे कळलं असतं तर लोक तिकडे वळले असते, आणि रोशनबी दुकानातली जुनी खुर्ची होऊन बसली असती. रंभाला तेच होऊ द्यायचं नव्हतं.

ऐंशी साली पुण्याची सिनेमावाली मंडळी आली. दोन बायकांची मैत्री, एकीनं दुसरीला शिकवलेली कला, असा सिनेमा काढायचा होता, आणि तोही याच दोघींना घेऊन. रोशनबी हरखली. ईदची पांढरी ओढणी घेऊन बसली.

दिग्दर्शकानं दुकान पाहून नाक मुरडलं. "फारच स्वच्छ आहे हो. गॅरेज वाटत नाही."

मग त्याच्या माणसांनी फरशीवर जळकं तेल ओतलं, वर माती फेकली. एकानं बोटानं काजळी घेऊन रोशनबीच्या गालाला फासली. "आता कशा खऱ्या दिसताय, आजी!" ती ओशाळून हसली. रंभा वर्षभर झाडून जे शिकली, त्यावर ही माणसं बुटांनी नाचत होती, आणि वर त्याला खरं म्हणत होती.

कॅमेऱ्यापुढं नुसतं गुंडाळल्यासारखं करा म्हणाले, पण रंभाला खोटी गुंडाळी जमेना. तिनं गिऱ्हाईक सोपानरावाच्या मोटरचीच तार लावली. कांद्याच्या रोपाला पाणी नव्हतं म्हणून सोपानराव दारातच ताटकळत होता. त्याच्यामागे आणखी दहाजण.

दिग्दर्शकाची नजर तेवढ्यात रोशनबीच्या हाताकडे गेली. त्याचे डोळे लकाकले. ती लकाकी पाहून रंभाला शिसारी आली. मेलेल्या जनावराभोवती घारी फिरताना तिनं पाहिल्या होत्या.

"कॅमेरा हातावर घ्या. रंभाबाई, डोळ्यांत पाणी आणा आणि म्हणा, खाला, तुमचा हात थकला, आता मी आहे."

"एकोणसत्तर," रंभा म्हणाली.

"अहो, वाक्य म्हणा!"

"चौऱ्याहत्तर."

"रीळ वाया जातंय, बाई!"

"ऐंशी."

दारातून सोपानराव वाकला. "खाला, हाताला काय झालं वो? कापतोय का?"

गुपित फुटणार हे रंभाला दिसलं. पण तिला थांबता येईना. तेवढ्यात रोशनबी बोलली. तिच्या हातात तार नव्हती, काहीच नव्हतं.

"पंच्याऐंशी."

बरोबर होतं. रंभाही त्याच फेऱ्यावर होती.

सोपानराव मागं सरला. "गप रं सगळे. मोजणी चाललीय."

सिनेमावाले वैतागून गेले. माती निघायला तीन दिवस लागले, तेलाचा वास महिनाभर गेला नाही.

दीड वर्षानं पिंपरीला तो सिनेमा दाखवला. रंभा एकटीच पाहून आली. पडद्यावर तिचेच ओठ हलत होते आणि दुसऱ्याच कुठल्या बाईचा रडका आवाज म्हणत होता, खाला, तुमचा हात थकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाहेर येऊन ती गटारीत थुंकली होती.

"कसा हाय गं सिनेमा?" ती दुकानात परतल्यावर रोशनबीनं विचारलं.

रंभानं केरसुणी घेतली, स्वच्छ फरशी पुन्हा झाडली, हात धुतले. मग ती कामाला बसली. तार अजून लावायची होती.

"एक," ती म्हणाली.