वळणावरचं पत्र्याचं घर

भूकंपात चाकूरजवळच्या आमच्या गावातलं दगडमातीचं घर पडलं, तेव्हा मी सहावीत होते. आम्ही सगळे वाचलो, पण माय पुन्हा दगडी भिंतीखाली निजायला तयार होईना. मग आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लातूर-नांदेड रस्त्याला लागून असलेल्या आमच्या शेतात पत्र्याचं घर उभं केलं. ते नेमकं वळणावर आलं. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि पोरं कोंबून जीपा पळायला लागल्या. रस्त्याला उसंत राहिली नाही.

पहिल्यांदा आत आला तो डाळीचा ट्रक. काट्यांचं कुंपण मोडून तुरीत रुतला. ड्रायव्हरनं उतरून हात जोडले, पाणी प्याला. आम्ही हसलोसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात एक जीप गोठ्यातून आरपार गेली. दाव्याला बांधलेली म्हैस जागीच मेली. माय तिच्याजवळून नुकतीच शेणाची पाटी घेऊन उठली होती.

त्यानंतर वळणावर गाडीचा आवाज आला की मायचा भाकरीवरचा हात थांबायचा. गाडी पुढं गेल्यावरच तो हलायचा.

वळणावर कठडा बसवावा म्हणून आण्णा बांधकाम खात्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले. साहेब म्हणाले, "घर मागं सरकवा." मागं विहीर होती. शेवटी आण्णांनी गावातल्या पडक्या घराचे धोंडे बैलगाडीतून आणले आणि रस्त्याच्या कडेला कमरेइतके रचले.

माय म्हणाली, "आपून वाचू. गाडीतल्यांचं काय?"

"त्यांच्याकडं ब्रेक हाय. आपल्याकडं काय हाय?"

मला आण्णांचं पटलं होतं. हे सांगताना आजही जीभ जड होते.

धोंड्यांवर जीप आदळली ती सकाळी. मी अंगणात वेणी घालत होते. घराला ओरखडासुद्धा आला नाही. जीपमध्ये माझ्याच वयाच्या मुली होत्या. पुढं बसलेलीला मायनं ओढून काढलं, डोकं मांडीवर घेतलं. ती शुद्धीवर होती. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मावशी, क्लास सुरू झाला असंल का वो?"

दवाखान्यात नेताना वाटेतच ती गेली.

पंचनाम्यात ड्रायव्हरची चूक निघाली. आण्णांना कुणी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी त्या मुलीचे वडील एकटेच आले. बराच वेळ धोंड्यांपाशी उभे राहिले. आण्णा जवळ गेले आणि म्हणाले, "हे मी रचलेत."

ते गृहस्थ आमच्या घराकडं बघत होते. मी दारातच उभी होते.

"लेक हाय तुमची?"

"हाव."

त्यांनी मान हलवली. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो न घेताच ते एसटीकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी धोंडे उचलायला घेतले. कुणाची मदत घेतली नाही. कड पुन्हा मोकळी झाली, तशी त्यांनी आम्हाला गावात मामाच्या नव्या सिमेंटच्या घरी पाठवलं. स्वतः मात्र आले नाहीत. रस्त्याकडच्या खोलीत, पत्र्याला लागून त्यांनी बाज टाकली.

माय रोज भाकरी घेऊन जायची आणि विनवायची, "निदान मागल्या खोलीत तरी निजा."

"हितंच बरं हाय," एवढंच ते म्हणायचे.

आम्ही गावात रोज कान रस्त्याकडं लावून बसायचो.