वहिनींचा बिडाचा तवा

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून आमच्या घरात तिळाचंच तेल. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, तेलाच्या घाण्यावर कामाला होते, तेच डबा भरून आणत. ते गेल्यावरही वहिनींनी तेल बदललं नाही. भाजी असो, अंडं असो, नाहीतर माझे दुखरे गुडघे, तेल तेच.

म्हणून पुतण्या बायको-मुलीला घेऊन राहायला येणार हे कळलं, तेव्हा आनंदाआधी माझी नजर तेलाच्या डब्याकडे गेली. त्याच्या मुलीला, आमच्या ठकीला, तीळ चालत नाहीत. एकदा तीळ लावलेला पाव खाऊन तिचा घसा सुजला होता, श्वास घेता येईना. सूनबाई फोनवर म्हणाली होती की आम्ही जेवण बाहेरच करू. वहिनींना ते फार लागलं. नातीनं आजीच्या हातचं खायचं नाही म्हणजे काय? घरात तिळाचा वासही उरणार नाही, असा त्यांनी शब्द दिला.

तेलाचा डबा शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेला. पातेली, झारे, डब्यांची झाकणं उकळत्या पाण्यातून निघाली. लाकडी चमचे टाकून दिले. काही राहिलं तर नाही ना, असं मी सारखा विचारत होतो.

"भावजी, घाबरायचं काम तुम्ही करा, बाकीचं मी बघते."

ते आले त्या दुपारी वहिनींनी नव्या तेलात बटाट्याचे काप परतले. ठकीनं एक खाल्ला आणि दुसरा उचलला. वहिनी तवा उतरवत होत्या, त्या तशाच थबकल्या. तवा बिडाचा. त्याला साबण लावायचा नाही, नुसता पुसायचा आणि तेलाचा हात फिरवायचा, ही त्यांची रीत. इतकी वर्षं तो तिळाचं तेल पीत आला होता. सगळं घर घासलं, आणि तवा मात्र सवयीनं पुसून घेतला.

मला काही कळायच्या आत त्यांनी ठकीच्या हातातला काप काढून घेतला.

"सूनबाई, चुकलं माझं. तव्यात तिळाचं तेल मुरलंय."

सूनबाईनं ठकीला चूळ भरायला लावली, औषध पाजलं, श्वास अडलाच तर टोचायची सुई काढून टेबलावर ठेवली. पुतण्यानं गाडी दाराशी लावली. ठकीच्या ओठांभोवती लाल पुरळ उठलं. वहिनी समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होत्या, आणि ठकीनं श्वास घेतला की मगच घेत होत्या. पुरळ वाढलं नाही. बऱ्याच वेळानं उतरलं, आणि ठकी भूक लागली म्हणून रडायला लागली.

वहिनी म्हणाल्या, आता बाहेर जेवलात तरी मी काही म्हणणार नाही.

"आई, तुम्ही लपवलं नाहीत," सूनबाई म्हणाली. "नवा तवा आणू. पण तुम्ही स्वयंपाक करताना मी शेजारी उभी राहणार."

"उभी कशाला? चिरायला बस."

जुना तवा दादांनी आणलेला, टाकवेना. तो जाड कापडात बांधून माझ्या खोलीतल्या कपाटावर आलाय. ठकी "आजोबा, आजोबा" करत माझं दार वाजवते. मी अंग चोरून बाहेर येतो, मागे कडी लावतो, साबणानं हात धुतो, मगच तिला जवळ घेतो. गुडघे ठणकतात, पण सध्या त्यांना कुठलंच तेल नाही.